दादांचं तोंड, सरांचं ‘आपण’

गाडी शिकवणाऱ्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. ते स्वतःच दार उघडून शेजारी येऊन बसतात, सीटबेल्ट लावायला विसरतात आणि पहिल्याच गिअरला गाडी बंद पाडतात. डोंबिवलीत मानपाडा रोडला आमचं मोटर ट्रेनिंग स्कूल आहे. तिथे मी बायकांची बॅच घेते. त्यामुळे मैत्रिणी जमल्या की चहा हातात द्यायच्या आधी विचारतात, “काय गं शुभांगी, नवीन काय?” नवीन फारसं काही होत नाही हल्ली. मग मी जुनंच सांगते. खरं सांगू, मला जुनंच सांगायला आवडतं.

तर आधी माणसं सांगते. दोनच आहेत.

एक भोईरदादा, आमचे मालक. इथलेच, मूळचे. आमचं ऑफिस आहे तिथे त्यांच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. आता तिथे बिल्डिंगी झाल्यात आणि दादांना खरं तर काही करायची गरज नाही. पण गाड्यांचं वेड! सकाळी सातला पहिल्या बॅचला हजर. आणि तोंड असं, की रस्त्यापलीकडचा इस्त्रीवाला सुद्धा सांगायचा, आज दादांच्या गाडीत नवीन माणूस बसलाय.

दुसरे करंदीकर सर. एमआयडीसीतली त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा ते दादांकडे आले आणि राहिले. टिळकनगरला घर. विद्यार्थी अठरा वर्षांचा असो की साठ, सगळ्यांना ‘आपण’. बायकोला ‘अहो’. आमच्या जुन्या गाडीला सकाळी सेल मारताना सुद्धा हलकेच म्हणायचे, “चला, निघू या आपण?”

ही दोन माणसं वीस-एक वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसली. कशी, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

*

मी पहिल्यांदा आले ती शिकायला. बाकावर पाचजण बसलेले आणि पाचहीजणांना सरच हवे होते. दादांनी विचारलं, “माझ्याकडं कोन येतंय?” सगळे मोबाईल बघायला लागले. मी नवीन, मला काही माहीत नाही, मी उठले.

पहिल्या दहा मिनिटांत मी रताळं झाले, म्हैस झाले, मग म्हशीचं काहीतरी झाले. ते सगळं मला होतं. खड्ड्याला, खड्डा खणणाऱ्याला आणि समोरून उलट्या बाजूने येणाऱ्या रिक्षाला जे होतं ते मी इथे लिहिणार नाही. त्यात दादांची एक खास शिवी होती. मोठ्या खड्ड्यासाठी राखून ठेवलेली, तीन शब्दांची, आईपासून सुरू होणारी. ती सुटली की दादांचा चेहरा एकदम शांत व्हायचा.

घरी जाऊन मी रडले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, मला सरांकडे द्या.

सरांकडे दिलं. आता सरांची पद्धत ऐका. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकणारा चुकला तर दाबायला. सरांचं म्हणणं, न सांगता तो ब्रेक दाबणं म्हणजे समोरच्याचं बोलणं मध्येच तोडणं. म्हणून ते आधी सांगायचे, मग दाबायचे.

मी वळणावर जरा जोरात गेले. सर म्हणाले, “शुभांगीताई, आपण फार छान वळण घेतलंत, फक्त आपल्या उजव्या हाताला एक दुभाजक येत आहे असं मला...”

दुभाजक आला.

बंपर हातात घेऊन आम्ही ऑफिसला परत. दादांनी बंपरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सरांना म्हणाले, “सर, तुमचा वाक्य संपायच्या आत मानूस मरंल की ओ!”

सर गंभीरपणे म्हणाले, “पुढच्या वेळी लहान वाक्य करीन.”

तिसऱ्या दिवसापासून मी परत दादांकडे. तिथेच शिकले आणि पुढे तिथेच शिकवायला लागले.

*

आता असं नका समजू की दादांच्या शिव्यांनी कुणाचं काही बिघडायचं नाही. बिघडायचं.

मी नुकती शिकवायला लागलेले तेव्हाची गोष्ट, दादांकडे प्राजक्ता नावाची एक मुलगी यायची. घाबरट होती बिचारी. स्टिअरिंग असं घट्ट धरायची की बोटं पांढरी पडायची. एकदा रिव्हर्स घेताना तिने गाडी भिंतीला लावली आणि दादा जे सुटले ते सुटले. ती गाडीतून उतरली, ओढणी सावरली आणि काही न बोलता निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

सरांनी दादांना एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त दादांना ‘भोईरसाहेब’ म्हणायला लागले. “भोईरसाहेब, चावी देता का?” “भोईरसाहेब, आपला फोन वाजतोय.” एरवी ते त्यांना ‘जनार्दन’ म्हणायचे. अख्ख्या जगात सर ज्याला नुसत्या नावाने हाक मारायचे असा तो एकच माणूस.

चौथ्या दिवशी दादा मला म्हणाले, “ह्या मानसाला बोल गं, मना साहेब बोलू नको. त्याच्यापेक्षा थोबाडीत मार बोल.”

संध्याकाळी आम्ही तिघं प्राजक्ताच्या घरी गेलो. जिन्यात दादा पुटपुटत होते, सर एकेक वाक्य सांगत होते आणि दादा पाठ करत होते. दार उघडलं. दादांनी हात जोडले. “ताई, माझ्याकडून आपल्याला जे अपशब्द गेले, त्याबद्दल मी मनापासून...” असं सुरेख चाललेलं. प्राजक्ताच्या आईचे डोळे भरून आले. तिने आत जाऊन चहा आणला. दादांनी भावनेच्या भरात मोठा घोट घेतला. चहा उकळता होता.

ती तीन शब्दांची शिवी मी पहिल्यांदा बंद खोलीत ऐकली. खूप मोठी वाटते.

सरांनी डोळे मिटून घेतलेले. मग प्राजक्ता हसायला लागली. हसता हसता खाली बसली. सोमवारी बॅचला आली. गाडीत बसताना दादांना म्हणाली, “काका, तुम्ही द्या शिव्या, पण मला नको, भिंतीला द्या.” त्या दिवसानंतर दादा तिच्या बॅचला भिंतीला, झाडाला, सिग्नलला देत राहिले. तिचं लायसन्स पहिल्या टेस्टला आलं.

*

हा माझा आवडता. एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. ठाण्याला बाळकुममधल्या मोठ्या कॉम्प्लेक्समधून डोंबिवलीत राहायला आलेले, कडक इस्त्री, आवाज असा की ऐकत राहावं. “मिसेसना शिकायचं आहे. मी मागे बसलो तर चालेल ना? ती जरा नर्व्हस असते.” मी त्या दिवशी आजारी. म्हणून दादा गेले.

गाडी कल्याण-शीळ रोडला लागली. बाई चांगली चालवत होत्या. मागून हे गोड आवाजात, “राणी, तुला नाही जमायचं हे. वाईट वाटून घेऊ नकोस. प्रत्येकाची एक कुवत असते.” थोडं पुढे गेलं की, “राणी, घरी मिक्सर सुद्धा तुझ्याकडून जळतो, आठवतंय ना?” एकही वाईट शब्द नाही. दादा सांगायचे, “आवाज एकदम मधासारका गं. अन् ती बाई स्टिअरिंगवर कशी बारीक बारीक होत चालली.”

दादांनी बाईंना गाडी बाजूला घ्यायला सांगितली. उतरले. मागचं दार उघडलं. पुढचं मला कुणी नीट सांगितलं नाही, पण त्या गृहस्थांना भर रस्त्यात उतरवून दादा बाईंना घेऊन पुढे गेले आणि पूर्ण तासाचा धडा देऊन परत आले, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ ऑफिसात आले. दादा नव्हते, सर होते. गृहस्थ म्हणाले, “सर, आपण सुसंस्कृत दिसता. आपल्या माणसाची भाषा काय ही? माझ्या पत्नीसमोर?”

सर उभे राहिले. त्यांना पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आपलं म्हणणं अगदी रास्त आहे. भाषा वाईटच होती, मी त्यांच्या वतीने क्षमा मागतो. मी असतो तर एकही शिवी दिली नसती.” गृहस्थ समाधानाने मान डोलावत होते. “उतरवलं मात्र मीही असतं. पण बसस्टॉप बघून.”

बाईंनी कोर्स पुरा केला. एकट्या येत होत्या.

*

सरांना घाबरट म्हणणारेही होते. ‘वाद टाळणारा माणूस’ वगैरे. त्यांना मी मानपाड्याच्या चौकातलं सांगते.

सरांच्या विद्यार्थ्याने गाडी एका बाईकला घासली. बाईकवाला पडला. फार काही लागलं नव्हतं, पण क्षणात पन्नास माणसं. कुणी बॉनेटवर हात आपटतोय, कुणी शिकणाऱ्या पोराला काच खाली कर म्हणून ओरडतोय. आम्ही ऑफिसातून धावत गेलो. दादा बाह्या सरसावून, तोंड उघडून तयार. तेवढ्यात बघतो तर सर गर्दीत खाली वाकून काहीतरी शोधतायत.

त्या बाईकवाल्याची एक चप्पल उडून लांब गेलेली. सरांनी ती शोधली, रुमालाने पुसली आणि त्याच्या पायाशी ठेवली. “पाय घाला बघू. नीट टेकता येतोय का? आपल्याला कुठे दुखतंय ते मला सांगा, मी इथून हलणार नाही.” तो तावातावाने बोलत होता तो थांबला. चप्पल घातली. मग म्हणाला, “नाही, तसं काही नाही, काका.” मागून कुणीतरी सरांची कॉलर धरलेली होती, त्याने ती सोडली आणि नीटही केली.

परत येताना दादा मला म्हणाले, “मी इतकी वर्षं समजत होतो, ह्या मानसाला शिव्या येत नाय. तसं नाय ते. ह्याला राग आला ना, का हा समोरच्याची चप्पल शोधतो.”

*

इथून पुढचं सांगताना मी चहा खाली ठेवते.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी सर बाथरूममध्ये पडले. झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हॉस्पिटलात काही दिवस नुसते बघत राहायचे. मग एके दिवशी नर्सने उशी काढली तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

तीन शब्द फुटले. आईपासून सुरू होणारे. स्पष्ट, खणखणीत, एका दमात.

त्यानंतर तेवढंच. पाणी हवं असलं तरी तेच, उजेड डोळ्यावर आला तरी तेच, मालतीकाकू दिसल्या तरी तेच. मालतीकाकू म्हणजे त्यांच्या मिसेस. स्पीच थेरपीच्या मॅडमनी समजावलं की असं होतं कधी कधी, जुळवून बोललेलं सगळं जातं आणि आपोआप तोंडातून निघणारं तेवढं राहतं, त्याला अर्थ चिकटवू नका. काकूंनी मान हलवली. आणि घरी आल्यावर दार लावून घेतलं. बिल्डिंगमधले भेटायला आले की फटीतूनच, “झोपलेत हो.” सख्ख्या भावाला सुद्धा आत घेतलं नाही.

मला मात्र घेतलं, कारण मी डबा घेऊन गेलेले आणि हटले नाही. स्वयंपाकघरात त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, “शुभांगी, लग्न झाल्यापासून मला ह्यांनी कधी ‘अगं’ म्हटलं नाही. माझं नाव घेतलं नाही कधी, तेही मानाने. आणि आता माझ्याकडे बघून हे म्हणतात. मग आधीचं ते काय होतं? आत सगळं हेच होतं का गं? इतकी वर्षं दाबून ठेवलेलं?”

मी भांडी घासली आणि घरी आले.

*

दादांना मी हे सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस बंद. तिसऱ्या दिवशी आले तर कपाळाला गुलाल. कार्ल्याला एकवीरा आईला जाऊन आलेले.

“आईला बोललोय,” दादा म्हणाले. “सर एक शब्द सरळ बोलंपर्यंत माझ्या तोंडातून शिवी नाय.”

मी हसले. मला वाटलं, हे दुपारपर्यंत टिकेल. टिळकनगरला जाताना रस्त्यात खणलेलं होतं आणि आमचं पुढचं चाक आत गेलं. दादांचा जबडा हलला. मान लाल झाली. मग ते म्हणाले, “खड्डा आहे.” आणि गाडी बाहेर काढली.

दादांना दारातून परत पाठवणं काकूंना जमलं नाही. नवसाचं मी त्यांना दारातच सांगितलं. सर पलंगावर टेकून बसलेले. दादांना बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. डावा हात उचलून त्यांनी जोरात ती शिवी दिली.

दादा हात जोडून म्हणाले, “नमस्कार सर. आपली तब्येत कशी आहे?”

सरांनी शिवी दिली.

“बरोबर आहे आपलं म्हणणं.”

सर हसायला लागले, दादा हसायला लागले. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. अर्धा तास दोघं बोलत होते. इकडून शिवी, तिकडून ‘आपण’. मी दारात उभी राहून बघत होते, आणि मला एकदम जुनं ऑफिस आठवलं, सकाळची पहिली बॅच, टेबलाच्या दोन बाजू. इतकी आठवण आली की मला तिथे उभं राहवेना.

निघताना दादा काकूंना म्हणाले, “काकू, ती शिवी सरांची नाय. माझी आहे. दिवसातून धा वेळा मी ती त्यांच्या कानाशी दिली. आत काय नव्हतं त्यांच्या, मीच भरलं.”

काकू म्हणाल्या, “शब्द तुमचा असेल हो भोईर. पण तो देताना माझ्याकडे बघणारे डोळे तर ह्यांचेच ना?”

दुसऱ्या दिवसापासून दादा रोज जायला लागले. काकूंनी दार लावणं सोडलं. दादा त्यांना शिवी ओळखायला शिकवत बसायचे, “ही पान्याची, काकू. ही बगा, शेवटी वर गेली ना, म्हंजे उशी.” वीस वर्षं ती शिवी त्यांनी हरतऱ्हेने दिलेली, त्यांच्याएवढं तिच्यातलं कुणाला कळणार?

*

हे काकूंनीच मला सांगितलं, बऱ्याच महिन्यांनी. दुपारी सरांशेजारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. थंडीचे दिवस. पायावर काहीतरी आलं म्हणून जाग आली. सर आपल्या अंगावरची चादर डाव्या हाताने ओढून ओढून त्यांच्या पायांवर घालत होते. एका हाताने जमत नव्हतं. दर वेळी चादर घसरायची आणि ते परत ओढायचे.

“आणि पुटपुटत होते,” काकू म्हणाल्या. “तेच. पण किती हळू म्हणत होते गं. मी जागी होऊ नये म्हणून.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. तशाच पडून ऐकत राहिल्या.

*

सर गेल्या वर्षी गेले. न्यूमोनिया झाला. शेवटचे तीन दिवस तोंडावर मास्क होता, शुद्ध नव्हती. काकू आणि मी आळीपाळीने शेजारी बसायचो. हात हलला नाही, ओठ हलले नाहीत. दादा बाहेर बाकावर बसून होते, त्यांना आत यायचा धीर होत नव्हता.

तेराव्यानंतर मी दादांना म्हटलं, “आता सुटलात ना नवसातून?”

“सर सरळ बोलंपर्यंत, असं बोललोय मी आईला,” दादा म्हणाले. “आता कोन बोलनार? म्हंजे जन्मभर.”

आणि खरंच. आमचं स्कूल आता कसं झालंय सांगू? शांत. दादा ‘हळू’ म्हणतात, ‘ब्रेक’ म्हणतात, ‘ठीक आहे’ म्हणतात. बाकावर बसलेल्यांना दोघांपैकी एक निवडायला लागत नाही. पालक येतात आणि सांगतात, वातावरण किती चांगलं आहे हो तुमच्याकडे. इस्त्रीवाल्याने मला विचारलं, दादांची तब्येत बरी नाही का? मला सरांची आठवण येते त्याचं कुणाला काही वाटणार नाही, ते गेले. पण दादा समोर बसलेले असताना मला दादांची आठवण येते, हे कुणाला सांगू? मला परत एकदा म्हैस व्हायचं होतं. मी मुद्दाम त्यांच्यासमोर गाडी गेटला घासून बघितली. त्यांनी उतरून ओरखडा बघितला आणि म्हणाले, “होतं असं.”

*

आता शेवटचा. हा मागच्याच महिन्यातला.

सकाळी मालतीकाकू ऑफिसात आल्या. साडी, पायात नवे स्पोर्ट्स शूज, पर्समध्ये लर्निंग लायसन्स. सरांची गाडी बिल्डिंगखाली उभी होती आणि काकू आयुष्यभर तिच्यात डाव्या सीटवर बसलेल्या. म्हणाल्या, “भंगारात न्यायला माणूस आला होता. मी म्हटलं, थांब.”

मी म्हटलं, चला, मी शिकवते. तर म्हणाल्या, “नाही. भोईर शिकवतील.”

दादांच्या गाडीत बाईचा पहिला दिवस असला की मी मागे बसते, ही आमची पद्धत. मी मागे, काकू स्टिअरिंगवर, दादा शेजारी. दादा इतके जपून बोलत होते की सरच बसल्यासारखे वाटावेत. “काकू, आपण क्लच सावकाश सोडा. घाई नाही.” गाडी धक्का खाऊन बंद. “काही हरकत नाही. पुन्हा.” परत बंद. “छान. पुन्हा करू आपण.”

काकूंनी चावी फिरवून काढली आणि मांडीवर ठेवली.

“भोईर, तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं. हे शेवटच्या दिवशी बोलले होते.”

दादा सरळ बसले.

“सरळ बोलले. अगदी स्वच्छ,” काकू म्हणाल्या. “ ‘मालती’ म्हणाले. माझं नाव घेतलं. मग डोळे मिटले.” समोर काचेकडे बघत, अगदी शांत आवाजात. ही बाई शेजारणीला ‘घरी साखर नाही’ असं सुद्धा कधी खोटं बोललेली नाही.

दादांच्या बाजूला एक जादा आरसा असतो, मागचं बघायला. त्या आरशातून दादांनी माझ्याकडे बघितलं. शेवटच्या तीन दिवसांत आत आम्ही दोघीच होतो, हे त्यांना माहीत होतं.

“व्हय गं शुभांगी?” त्यांनी विचारलं.

“हो दादा,” मी म्हटलं. “मी होते तिथे.”

दादा खाली उतरले. ऑफिसच्या मागच्या नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. आम्ही दोघी गाडीत बसून होतो. मग ते आले, ओल्या चेहऱ्याने बसले, पट्टा लावला आणि मान हलवली.

काकूंनी चावी लावली, गिअर टाकला आणि क्लच एकदम सोडून दिला. गाडीने उडी घेतली ती थेट बाकाच्या दिशेने. बाकावरचे सगळे उठून पळाले. दादांनी पायाखालचा ब्रेक कचकन दाबला, आणि मग तोंड उघडलं.

तीन शब्द. एका दमात. रस्त्यापलीकडे इस्त्रीवाला इस्त्री उचलून तसाच उभा राहिला.

काकूंनी पदर खोचला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि म्हणाल्या, “हं. आता सांगा, पहिला गिअर कुठे?”